होर्रिदुस: लॅटिनमधला काटा आणि आपला हर्ष

इसारकाठ

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, लिहिणं क्वचित होतं. आज एका शब्दासाठी आलेय.

आम्ही म्युनिकला असतो. मुलगी अकरावीत आहे आणि तिला सहावीपासून शाळेत लॅटिन आहे. तिचं मराठी टिकावं म्हणून घरात एक नेम ठेवलाय: आठवडाभरात वर्गात जे लॅटिन झालं, त्यातली चार-पाच वाक्यं तिने रविवारी मला मराठीत करून सांगायची. मला लॅटिन येत नाही, पण बारावीपर्यंत संस्कृत होतं, त्यामुळे विभक्तींशी ओळख आहे.

या रविवारी रोमन इतिहासकार टॅसिटस होता. त्याचं 'गेर्मानिया' इसवी सन ९८ चं, र्‍हाइन नदीपलीकडच्या टोळ्या आणि त्यांचा मुलूख यांबद्दल. पाचव्या प्रकरणात तो म्हणतो की हा सगळा प्रदेश एकतर 'सिल्विस होर्रिदा' आहे, नाहीतर 'पलूदिबुस फोएदा'. दुसरा तुकडा तिने चटकन केला: दलदलींनी ओंगळ. पहिल्यावर अडली. 'सिल्वा' म्हणजे अरण्य. 'होर्रिदुस' म्हणजे भीषण, असं पाठ केलेलं. मग 'अरण्यांनी भीषण'? ती म्हणाली, "आई, नुसत्या झाडांना एवढं काय घाबरायचं? आत कोण राहतं ते तरी त्याने सांगितलं असतं."

कोश उघडला तर पहिला अर्थ भीतीचा नव्हताच. केस उभे राहिलेला, न विंचरलेला, खडबडीत. 'भीषण' बऱ्याच ओळी खाली. आणि ज्या क्रियापदापासून हा शब्द आला ते 'होर्रेओ': ताठ उभं राहणं, मग शहारणं, मग भिणं.

बाल्कनीचं दार उघडं होतं. गार वारा आत आला. तिचा हात कोशाशेजारी टेबलावर होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत एकेका केसाच्या मुळाशी बारीक टिंब उठलेलं मला दिसलं. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे बघ, होर्रेओ." तिने विचारलं, "मराठीत काय?" मी म्हटलं, "काटा आला."

रात्री ती झोपल्यावर व्युत्पत्ती शोधत बसले. 'होर्रेओ'चा संस्कृत भाऊबंद म्हणून 'हृष्' दिला होता. म्हणजे हर्ष! इंग्रजीतला हॉरर आणि आपला हर्ष एकाच मुळाचे? मला झोप लागली नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं आहे का? आणि 'सिल्विस होर्रिदा' मराठीत कसं करावं?

अनुप्रास

खरं आहे. नुसत्या आवाजाच्या साम्यावर ते उभं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या दोन भाषांच्या समान पूर्वजात एक तालव्य महाप्राण व्यंजन होतं. संस्कृतात त्याचा 'ह' झाला आणि लॅटिनमध्येही शब्दाच्या आरंभी 'ह'च झाला. आपलं 'हिम' आणि लॅटिनचा 'हिएम्स', म्हणजे हिवाळा, ही ठळक जोडी. शब्दाच्या मध्येही तेच दिसतं: 'वहति' आणि 'वेहित', अर्थ दोन्हीकडे वाहून नेणे.

आता शेवट. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये जुना 'र्स' आला की त्याचा 'र्र' होतो. संस्कृतात र किंवा ऋ नंतरचा 'स' मूर्धन्य होऊन 'ष' बनतो. म्हणून लॅटिनचा 'र्र' आणि संस्कृतचा 'र्ष' समोरासमोर येतात. 'तोर्रेओ' म्हणजे कोरडं करणं, भाजणं; आपल्याकडे 'तृष्', तर्ष, तृष्णा. घसा कोरडा पडणं तेच. 'तेर्रा' म्हणजे जमीन, मुळात पाण्याच्या उलट ती कोरडी. आता 'तोर्रेओ'च्या जागी 'होर्रेओ' ठेवा आणि 'तर्ष'च्या जागी 'हर्ष'. एकच साचा दोनदा वापरलेला दिसेल.

भीतीचा आणखी एक शब्द याच रांगेत बसतो. 'तेर्रेओ', म्हणजे घाबरवणं, ज्यापासून टेरर आला. तो संस्कृत 'त्रस्'चा भाऊ. फारसीत याच मुळाचा 'तर्स' अजून भीतीच आहे. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय, 'त्रस्त' म्हणजे भ्यालेला. मराठीत येईपर्यंत त्यातलं भय ओसरलं. आज पाहुण्यांना आपण "उगाच त्रास घेऊ नका" म्हणतो. म्हणजे शब्दाच्या पोटातली भीती निघून जाऊ शकते, हे आपण रोज बोलून सिद्ध करतो.

जाता जाता: लॅटिनचे त आणि द दंत्यच होते, आपल्यासारखे. तुम्ही 'होर्रिदुस' असं द ने लिहिलंत ते योग्य.

पायवाट

ध्वनिनियम समजले. अर्थाचं काय? धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसह यादीत, 'हृष तुष्टौ' असं स्वच्छ लिहिलंय. तुष्टी, आनंद. हॉरर म्हणजे भय, किळस. एका मुळातून दोन उलटे अर्थ निघाले असं म्हणायचं तर मधला दुवा दाखवायला हवा. तो दाखवता येत नसेल तर ते दोन वेगळे धातू होते आणि योगायोगाने सारखे दिसतात, असं मी मानेन. वादासाठी म्हणून नाही विचारत. मी अशा जुळवाजुळवीवर पूर्वी डोळे झाकून विश्वास ठेवलाय आणि नंतर ते सगळं पुसावं लागलंय.

पाटीपेन्सिल

पायवाट, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मधला दुवा पाणिनीने सूत्रात बांधून ठेवलाय.

अष्टाध्यायी ७.२.२९: 'हृषेर्लोमसु'. 'हृष्'ला भूतकाळवाचक 'त' लावताना मध्ये 'इ' येऊ शकतो किंवा नाही, विकल्प आहे, पण कधी? लोमांचा, म्हणजे अंगावरच्या केसांचा संबंध असेल तेव्हा. म्हणून 'हृष्टानि लोमानि' आणि 'हृषितानि लोमानि', दोन्ही शुद्ध. केसांना कसला आनंद होणार? इथे अर्थ एकच, ते उभे राहिले. त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पूरक टीप, आहे की विस्मय आणि प्रतिघात या अर्थीही हाच विकल्प लागू. प्रतिघाताचं उदाहरण काशिकेत, म्हणजे अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेत, 'हृष्टाः दन्ताः, हृषिताः दन्ताः' असं आहे. दातांना तरी कुठला आनंद.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. धातुपाठातला अर्थ मुलं व्याख्या म्हणून पाठ करतात, मीही तसंच करून घ्यायचो. पण तो अर्थ खूण म्हणून दिलेला असतो. त्या धातूचा सगळा संसार त्या एका शब्दात मावत नाही.

आता गीता उघडा. पहिला अध्याय, २९ वा श्लोक: 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे. अंग थरथरतंय, तोंड सुकलंय, पुढच्याच श्लोकात हातातून गांडीव निसटतंय, कातडी जळतेय. या माणसाला कसला हर्ष झालाय? मला तर हा श्लोक वर्गात म्हणून दाखवताना दर वर्षी अर्जुनाच्या दंडावरचे केस दिसायचे.

काढा_चूर्ण

दातांचं उदाहरण वाचून राहवलं नाही. आमच्या आयुर्वेदात हा शब्द रोजच्या वापरातला आहे. सुश्रुताने दातांचे जे रोग सांगितलेत त्यात 'दंतहर्ष' आहे. थंड लागलं, वारा लागला, आंबट खाल्लं की दात सहन करत नाहीत. बर्फाचा गोळा चावल्यावर जी कळ मस्तकात जाते, किंवा कैरी खाऊन दात आंबतात, ते. आणि 'पादहर्ष' म्हणजे पायाला मुंग्या येऊन तो बधिर होणं.

दोन्हींत आनंद नाही, भीतीही नाही. आहे ती शिरशिरी. विद्यार्थिदशेत मी हे शब्द नुसते पाठ केले होते. दंतहर्षाचा रुग्ण समोर बसून गालावर हात ठेवून डोळे मिटतो तेव्हा 'हर्ष' का म्हटलं असेल, हा प्रश्न वीस वर्षं मनात होता. आज त्याला जागा मिळाली.

दुसरीआवृत्ती

वर्तमानपत्रात उपसंपादक होते, त्या काळातली एक आठवण. हिंदीत बातमी आली, 'लोमहर्षक हत्याकांड'. रात्रपाळीला नवा मुलगा होता, त्याने इमानदारीने मराठी केलं, 'रोमहर्षक हत्याकांड'. पान छपाईला जायच्या दहा मिनिटं आधी माझं लक्ष गेलं. मराठीत रोमहर्षक काय असतं? शेवटच्या चेंडूवर जिंकलेला सामना. रोमहर्षक विजय, रोमहर्षक लढत. त्या मथळ्याने मेलेल्या माणसांचा खेळ झाला असता. मी तो बदलून 'अंगावर काटा आणणारे' केलं.

त्या पोराची चूक नव्हती, हे आज नीट कळतंय. लोम आणि रोम एकच, हर्षही तोच. हिंदीने त्या शब्दातली भीती वापरात ठेवली, मराठीने थरार ठेवला. दोन शेजारी भाषांत हे घडतं तर रोम आणि आर्यावर्त यांच्यात का घडणार नाही?

बाभूळबन

इथे 'घोर' कुणीच कसा आणला नाही? हॉरर आणि घोर, अर्थही तोच, आवाजही जवळचा. मला वाटायचं की हॉरर घोरपासून आलाय.

अनुप्रास

बाभूळबन, पुष्कळांना तसं वाटतं, पण ते जुळत नाही. 'घोर'मधला ओ हा अ आणि उ मिळून झालेला आहे, 'होर्रोर'मधला ओ मूळचाच साधा आणि ऱ्हस्व. शिवाय लॅटिनच्या जोड 'र्र'ला मागे 'र्स' लागतो. घोरमध्ये त्या 'स'चा मागमूस नाही. अर्थ जुळला तरी हाडं जुळत नाहीत.

आता मूळ विशेषणाकडे येतो, कारण इसारकाठ ताईंच्या मुलीला व्याकरणही लागणार.

लॅटिनमध्ये एक फार देखणी त्रयी आहे. '-एओ' वाल्या क्रियापदातून अवस्था कळते, '-इदुस' लावून विशेषण होतं, '-ओर' लावून भाववाचक नाम होतं. 'पाल्लेओ', 'पाल्लिदुस', 'पाल्लोर': फिकट पडणं, फिकट, फिकटपणा. 'स्तुपेओ', 'स्तुपिदुस', 'स्तुपोर': सुन्न होणं, सुन्न, सुन्नपणा. इंग्रजीतल्या स्टुपिडचा हा पूर्वज, आणि मुळात त्यात मूर्खपणा नसून थिजणं आहे. 'तेपेओ', 'तेपिदुस', 'तेपोर' यात तर आपलं 'तप्' आहे, कोमट असणं.

भीतीचे शब्द याच मांडणीत येतात. 'तिमेओ', 'तिमिदुस', 'तिमोर': भिणं, भित्रा, भीती. 'पवेओ', 'पविदुस', 'पवोर': धसका घेणं, धास्तावलेला, धसका. आणि 'होर्रेओ', 'होर्रिदुस', 'होर्रोर'. पण यातला फरक बघा. 'तिमिदुस' आणि 'पविदुस' ज्याला भीती वाटते त्याचं वर्णन करतात. 'होर्रिदुस' बहुतेक वेळा ज्याच्याकडे बघून दुसऱ्याला भीती वाटते त्याचं करतो. एकाच साच्यातून निघालेला हा तिसरा शब्द उलट्या दिशेला का गेला? कारण त्याचा पाया भावना नव्हता, दिसणं होतं. ज्याचे केस किंवा काटे उभे आहेत तो 'होर्रिदुस'. डुक्कर चवताळलं की त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. घाबरलेलं मांजरही तसंच फुलतं, पण आपण मागे सरतो ते दोघांनाही बघून.

चालतो तो 'होर्रिदुस, होर्रिदा, होर्रिदुम' असा, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. नपुंसकातला 'उम' आणि संस्कृतचा 'अम्' एकच. 'तेर्रा' स्त्रीलिंगी, म्हणून टॅसिटसच्या वाक्यात 'होर्रिदा'. 'सिल्विस' ही पंचमी-तृतीया एकत्र झालेली लॅटिनची विभक्ती, अनेकवचन. मराठीतला 'नी' तिथे चपखल बसतो: अरण्यांनी.

तर-भाव 'होर्रिदिओर'. सीझरने ब्रिटनच्या लोकांबद्दल लिहिलंय की ते सगळे अंगाला एका वनस्पतीचा निळा रंग फासतात आणि त्यामुळे लढाईत दिसायला 'होर्रिदिओरेस', अधिक भयंकर होतात. हा '-इओर' म्हणजे आपला '-ईयस्'. 'गुरु'चं 'गरीयस्', तसं लॅटिन 'ग्रविस'चं 'ग्रविओर'. 'स्वर्गादपि गरीयसी' म्हणताना आपण तोच प्रत्यय उच्चारतो.

याच मुळाची आणखी दोन रूपं तिला पुढे भेटतील. 'होर्रेन्दुस' हे योग्यतावाचक, संस्कृतच्या 'अनीय'सारखं: पाहून शहारावं असा. रोमन कवी व्हर्जिलने एकडोळ्या राक्षसाला, त्याचा तो डोळा फोडल्यानंतर, 'मोन्स्त्रुम होर्रेन्दुम' म्हटलंय. आणि '-स्को' लावलं की क्रिया सुरू होताना दिसते: 'होर्रेस्को', मी शहारू लागतो. समुद्रातून पोहत येणाऱ्या दोन सापांची हकीकत सांगताना त्याच्या महाकाव्याचा नायक ईनीअस मध्येच थांबून म्हणतो, 'होर्रेस्को रेफेरेन्स'. शब्दशः, सांगताना शहारतो. मराठीत याचं भाषांतर करायची गरजच नाही, आपली आजी हेच म्हणते: "सांगतानासुद्धा अंगावर काटा येतो गं."

तेरेखोल

मी गोव्याचा. आमच्या इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, आजोबा लॅटिनमधून गायचे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोकभाषेत आली आणि ते थांबलं, पण घरात बायबलची लॅटिन प्रत राहिली. त्यातल्या ईयोबाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, रात्रीचं एक दृश्य आहे. सगळे झोपलेत, कुणीतरी अदृश्य तोंडावरून सरकून जातं, आणि मग: 'इनहोर्रुएरुन्त पिली कार्निस मेआए'. माझ्या देहावरचे केस उभे राहिले. 'पिलुस' म्हणजे केस. सेंट जेरोमने हे लॅटिन केलं त्याला सोळाशे वर्षं झाली. आजोबा ती ओळ हळू आवाजात वाचायचे आणि स्वतःचा हात चोळायचे.

नंतरच्या लॅटिनमध्ये केस आणि 'होर्रेओ' जोडून एकच शब्द झाला, 'होर्रिपिलातिओ'. त्याचे तुकडे उलटे लावा: पिलुस हा रोम, होर्रेओ हा हर्ष. रोमहर्ष! तोच धातू आणि तोच समास, एकमेकांना न विचारता बनलेला.

अनुप्रास यांनी तीन लिंगांचं लिहिलं त्यावर एक भर. लॅटिनच्या लेकींनी, म्हणजे फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन यांनी, विशेषणांचं नपुंसकलिंग टाकून दिलं. हिंदीनेही टाकलं. मराठीने ठेवलं, 'चांगला, चांगली, चांगलं'. आमच्या कोंकणीनेही ठेवलं, 'बरो, बरी, बरें'. म्हणून 'होर्रिदुस, होर्रिदा, होर्रिदुम' ऐकताना आपल्याला परकं वाटत नाही.

आणि 'ह'ची गंमत वेगळीच. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये तो फार लवकर गळला. इटालियनमध्ये 'ओर्रिदो' झालं, आणि डोंगरातल्या अरुंद खोल घळीलाही ते ओर्रिदोच म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये झिजत झिजत नुसता 'ओर्द' उरला, अर्थ घाणेरडा. त्यापासून केरकचऱ्याचा आणि विष्ठेचा शब्द निघाला. उभ्या केसांपासून निघालेला शब्द उकिरड्यावर पोचला.

मिरजमळा

वाचतोय. इतका शांत धागा बऱ्याच दिवसांनी. पायवाट यांचं उत्तर ऐकायची उत्सुकता आहे.

पायवाट

मी काल रात्री अकरावा अध्याय पुन्हा वाचला. पाटीपेन्सिल सरांनी पहिल्या अध्यायातला श्लोक दिला होता. मला वाटलं, कदाचित 'रोमहर्ष' हा एक गोठलेला शब्द असेल, त्यावरून धातूबद्दल काही ठरत नाही. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन १४ व्या श्लोकात 'हृष्टरोमा' आहे, विस्मयाने. ठीक. पण ४५ व्या श्लोकाशी थांबलो:

'अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे'.

पूर्वी कधी न पाहिलेलं पाहून मी हृषित झालोय, आणि भयाने माझं मन व्यथित झालंय. एकाच माणसाची, एकाच क्षणाची अवस्था. मी आजवर 'आनंदित झालो आणि घाबरलोही' असं वाचत होतो आणि ते 'ही' मला खटकायचं. आता बघतोय की रूपसुद्धा 'हृष्ट' नसून 'हृषित' आहे. वार्तिकात विस्मयासाठी ज्याला परवानगी आहे तेच. केस उभे राहिलेत, आणि मन त्या पाठोपाठ भीतीकडे गेलंय. तुष्टी तिथे नाही.

मधला दुवा मागितला होता, मिळाला. मूळ अर्थ ना आनंद, ना भीती. अंगावर काटा.

पाटीपेन्सिल

पायवाट, इतक्या वर्षांत हा श्लोक मी या बाजूने पाहिला नव्हता. आभार.

आणि शेवटच्या अध्यायात संजय 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणतो, मग 'हृष्यामि च मुहुर्मुहुः', पुन्हापुन्हा. तिथे भय उरलेलं नाही. पहिल्या अध्यायात रोमहर्ष धास्तीचा, अकराव्यात विस्मयाचा, अठराव्यात तृप्तीचा. महाभारताची कथा सांगणाऱ्या सौतीच्या बापाचं नावही लोमहर्षण. ज्याची कथा ऐकताना अंगावर काटा येतो तो, असा त्या नावाचा अर्थ पुराणं सांगतात.

अनुप्रास

पायवाट यांच्या श्लोकासमोर ठेवण्यासारखी एक ओळ लॅटिनमध्ये आहे, ती दिल्याशिवाय हे अर्धं राहील.

रोमन कवी लुक्रेतिउस, इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला तो गुरू मानलेल्या ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसला उद्देशून म्हणतो: तुझ्या विचाराने जगाच्या भिंती बाजूला होतात, पोकळीत सगळं कसं घडतंय ते मला दिसतं, आणि हे पाहताना 'दिविना वोलुप्तास', एक दिव्य आनंद, मला व्यापतो, 'अत्क्वे होर्रोर', आणि होर्रोर. आनंद आणि होर्रोर एकाच क्रियापदाचे दोन कर्ते. तिथे त्याला कुणाची भीती वाटत नाहीये. जे कधी दिसलं नव्हतं ते दिसलंय. अदृष्टपूर्वम्.

म्हणजे लॅटिनमध्येही हा शब्द फक्त भीतीचा झाला नव्हता. वैद्यकात तर रोमन लेखक केल्सुस याने व्याख्याच दिलीय की सगळं अंग कापतं त्याला मी होर्रोर म्हणतो. तापाची हुडहुडी. काढा_चूर्ण यांच्या दंतहर्षाच्या शेजारी हे शोभेल.

काढा_चूर्ण

हुडहुडी! वहीत लिहून घेतलं.

बाभूळबन

घोरचं समजलं, धन्यवाद. आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीतरी बोला, 'सिल्विस होर्रिदा' अजून तसंच पडलंय.

मी माणदेशातला. व्याकरण मला फार कळत नाही, पण हे दृश्य मला माहीत आहे. उन्हाळ्यात दिवस मावळताना टेकाडावर उभं राहून खाली बाभळीचं बन बघायचं. पानं जवळजवळ नाहीत, काटेच काटे, मागून उजेड. जमिनीला आठ दिवसांची दाढी वाढल्यासारखी दिसते. टॅसिटसला हेच म्हणायचं असेल तर 'भीषण' नको. आमच्याकडे अशा जमिनीला, अशा केसांना, अशा हाताला एकच शब्द आहे: राठ. केस राठ, कांबळं राठ, बोलणं राठ.

दुसरीआवृत्ती

'रानांनी शहारलेली' असं मी सुचवणार होते, पण त्यात भूमीच घाबरलीय असं होतं. बाभूळबन यांचा शब्द सरस आहे.

अनुप्रास

'राठ' ऐकून मी खुर्चीतून उठलो. कारण लॅटिनमध्ये 'होर्रिदुस' भाषेलाही लावतात! रोमन कवी होरेसने म्हटलंय की ग्रीसची कला लॅटियममध्ये, म्हणजे रोमभोवतीच्या मुलखात, आली आणि तो जुना 'होर्रिदुस' सॅटर्नियन छंद ओसरून गेला. तिथे 'भीषण छंद' म्हणणं हास्यास्पद होईल. 'राठ छंद' एकदम बरोबर. केस, जमीन आणि बोलणं, तिन्हींना लागणारा असा एक शब्द मी इंग्रजीत शोधत होतो. तो माणदेशात निघाला.

इसारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी संध्याकाळी मी मुलीला शेजारी बसवून हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वार्तिकाशी आणि '-ईयस्'शी ती अडली, तिथे थांबून कागदावर लिहून दाखवलं. अकराव्या अध्यायातला श्लोक तिने दोनदा म्हणायला लावला.

'राठ' तिला माहीत नव्हता. मी माझ्या आईने पाठवलेली घोंगडी काढून तिच्या हाताखाली ठेवली. तिने हात फिरवला, मग उलट्या बाजूने फिरवला, आणि म्हणाली, "कळलं."

मग रविवारी तिचं वाक्य असं झालं:

'ती भूमी कुठे रानांनी राठ, कुठे दलदलींनी ओंगळ.'

लॅटिनमध्ये 'आउत' दोनदा येतो, त्याचं 'कुठे, कुठे' हे तिचं स्वतःचं. मी हात लावला नाही.

शाळेसाठी जर्मन भाषांतरात तिने 'भीषण' खोडून 'श्ट्रुप्पिश' लिहिलं. न विंचरलेल्या केसांना आणि कुत्र्याच्या राठ लवेला जर्मनमध्ये तो शब्द आहे आणि दाट झुडपांना त्याच घरातला 'गेश्ट्रुप्प'. बाईंनी समासात विचारलं होतं, हे कुठून सुचलं? तिने खाली उत्तर लिहिलंय: माझ्या आजीच्या घोंगडीवरून.

पुढच्या रविवारसाठी 'होर्रेस्को रेफेरेन्स' ठरलं होतं, पण त्याचं मराठी अनुप्रास यांच्या प्रतिसादात तिने आधीच वाचलंय. तेव्हा तिला दुसरी ओळ शोधायला सांगितलीय.